पाचवी फुली

१

गोरक्ष शेवाळेचं सिडकोत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, पण दुकानात तो क्वचितच सापडायचा. कुणाचा प्रिंटर रुसला, कुणाच्या पोरीचा फॉर्म अडला, की सॅक पाठीला अडकवून स्कूटरवर निघालाच. सटाण्याजवळचं गाव सोडून त्याला बारा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत तो एक गोष्ट शिकला होता. बिघाड असतो आणि तो सापडतो. नाही सापडला, तर आपण नीट शोधलेलं नसतं.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी साडेदहाला तो इंदिरानगरमधल्या एका जुन्या सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर पोचला. खाली पिठाची गिरणी होती. तिची घरघर जिन्यातून वर येत होती. दार रोहिणी आहेरनं उघडलं. चाळिशीची बाई, सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायची. आज तिनं अर्धी रजा टाकली होती.

"या, गोरक्षभाऊ. आई आतच आहे. तिच्यासाठीच सगळा खटाटोप."

आतल्या खोलीत लोखंडी पलंगावर, पाठीला उशा लावून कुसाबाई बसल्या होत्या. पंचवटीत तीस वर्षं खानावळ चालवलेली बाई. चाळीस पानांची पंगत एका आवाजात हलवायच्या, असं रोहिणी कौतुकानं सांगायची. जुलैमध्ये अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजायचं सगळं, बोलता मात्र काहीच यायचं नाही. डावा हात तेवढा चालायचा, तोही कोपरापासून पुढं. दवाखान्यात केस बारीक कापले होते, ते अजून तसेच होते.

"डॉक्टर म्हणाले, स्क्रीनवर चित्रं लावा. बोट लावलं की मशीन बोलेल," रोहिणी म्हणाली. "मी माझ्याच आवाजात भरून ठेवलंय सगळं. तुम्ही फक्त ते टच चालू करून द्या."

टचस्क्रीनचा मॉनिटर नवाकोरा होता. खोक्याची पट्टी गोरक्षनंच ब्लेडनं कापली, काचेवरचा प्लास्टिकचा पापुद्रा त्यानंच सोलला. रोहिणीचा जुना कॉम्प्युटर पलंगाखाली बसला. शेजारच्या जड टेबलाला हलता दांडा कसला आणि त्यावर मॉनिटर चढवला. कुसाबाईंचा हात फार पुढं जात नसे, म्हणून स्क्रीन ओढून त्यांच्या चेहऱ्यासमोर, जेमतेम दीड फुटावर आणली.

चित्र दिसत होतं, पण बोट लावलं तर स्क्रीन ढिम्म. हे नेहमीचंच. ड्रायव्हर टाकल्याशिवाय कॉम्प्युटरला स्पर्श कळत नाही. त्यानं पेनड्राइव्ह लावला, ड्रायव्हर टाकला, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. मग कॅलिब्रेशन. म्हणजे बोट कुठं पडतंय ते मशीनला शिकवायचं. पांढऱ्या पानावर एकेक काळी फुली येते. तिच्यावर बोट दाबून धरलं की ती हिरवी होते. चार कोपऱ्यांत चार आणि शेवटची मधोमध.

वरची डावी हिरवी झाली. वरची उजवी झाली. खालच्या दोन झाल्या. पाचवी फुली मधोमध आली, गोरक्षनं हात उचलला, आणि बोट अजून वीतभर लांब असतानाच ती हिरवी झाली.

२

"झालं?" रोहिणीनं विचारलं.

"थांबा ताई. एकदा परत करतो."

परत केलं. चार फुल्या त्याच्या बोटानं हिरव्या झाल्या, पाचवी आपली आपण. तिसऱ्यांदा त्यानं पाचवी फुली आल्यावर दोन्ही हात मांडीखाली घेतले. मनात पाच आकडे मोजले असतील नसतील, फुली हिरवी झाली.

गोरक्ष घाबरला वगैरे नाही. या स्क्रीनच्या चौकटीतून न दिसणाऱ्या प्रकाशाचं जाळं काचेसमोरून जातं. जाळ्यात काही आडवं आलं की मशीनला वाटतं बोट लागलं. माशी बसली तरी चालतं. ऊन पडलं तरी गोंधळ होतो. खिडकीतून थंडीतलं कोवळं ऊन पलंगावर आलं होतंच. त्यानं पडदा ओढला, चौकट कोरड्या फडक्यानं पुसली. फरक पडला नाही. मग दांडा फिरवून स्क्रीन पलंगापासून बाजूला, भिंतीकडे वळवली. तिथं पाचही फुल्या शहाण्यासारख्या वागल्या.

"ऊनच होतं," तो म्हणाला. "आमच्याकडे याला घोस्ट टच म्हणतात."

"म्हणजे?"

"म्हणजे भुताचा हात," तो हसला. रोहिणीही हसली.

कुसाबाई मात्र त्याच्याकडे एकटक बघत होत्या. आजारी माणसाची नजर कुठंतरी हरवलेली असते. ही तशी नव्हती. भर पंगतीत वाढप्याची चूक दिसावी आणि तोंडात घास असल्यानं सांगता येऊ नये, तशी ती होती.

स्क्रीन पुन्हा जागेवर आणून त्यानं चित्रांचा फळा उघडला. नऊ चौकोन होते. वर पाणी, भूक, दुखतंय. मधल्या ओळीत चादर, रोहिणीचा फोटो, टीव्ही. खाली नको, बाथरूम, हो.

"मावशी, बघा बरं."

कुसाबाईंचा डावा हात थरथरत उचलला गेला. बोट वरच्या कोपऱ्यातल्या पाण्यावर टेकलं आणि खोलीत रोहिणीचा आवाज उमटला, "मला पाणी हवंय."

रोहिणीनं तोंडावर पदर धरला. पाच महिन्यांत पहिल्यांदा आईनं काही मागितलं होतं. ती धावत जाऊन फुलपात्र घेऊन आली, पाणी पाजलं, हनुवटी पुसली. मग कुसाबाईंचा हात पुन्हा उचलला गेला. या वेळी खालच्या डाव्या कोपऱ्यात.

"नको."

"काय नको, आई?"

"नको."

"पाच महिन्यांनी बोलायला लागली, आणि घ्या, नको!" रोहिणी रडता रडता हसत होती.

गोरक्ष सॅक भरत होता. कुसाबाई चित्रांकडे बघत नाहीत, हे त्याच्या लक्षात आलं. त्यांची नजर काचेपर्यंत पोचतच नव्हती. मधेच, जवळ कुठंतरी अडली होती. समोर येऊन बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघावं तशी.

३

शुक्रवारी दुपारी फोन आला तो भागीबाईचा. ती पेठ तालुक्याकडची बाई, दिवसभर कुसाबाईंजवळ असायची. रोहिणी कामावर गेली की घरात या दोघीच.

"दादा, तुमचं मशीन आपलं आपण बोलतंय."

"काय बोलतंय?"

"ताईंच्या आवाजात म्हणतंय, रोहिणी, इकडं ये."

मधल्या चौकोनावर, स्वतःच्या फोटोवर, रोहिणीनं तेच वाक्य भरलं होतं. रोहिणी, इकडे ये. आईला तिला हाक मारता यावी म्हणून.

"मग आजींनी दाबलं असेल ना."

"नाय ओ. आजीचं दोन्ही हात गोधडीत व्हतं. मीच गुंडाळून ठेवलं, गार लय हाय म्हणून. मी गॅलरीत कपडं वाळत घालत व्हते, तर आतून हाक आली. मला वाटलं ताई आल्या. येऊन बघते तर कुणी नाय. तेवढ्यात परत, रोहिणी, इकडं ये. मग आजीनं धडपड करून हात काढला भायेर अन् नको दाबलं. ते म्हणलं, इकडं ये. आजी म्हणली, नको. ते म्हणलं, ये. ही म्हणली, नको. दोघं भांडल्यावानी, दादा. मी बटणच बंद केलं."

 गोरक्ष नेहमीच्या सवयीनं म्हणाला, "अर्थिंगचा प्रॉब्लेम असेल. उद्या येतो."

फोन ठेवल्यावर तो विचार करू लागला. अर्थिंगचा प्रॉब्लेम असता तर स्पर्श कुठंही पडले असते. एकाच जागी, मधोमधच का पडावेत? आणि कुसाबाईंनी मुलीच्या नावाची हाक ऐकून दरवेळी नको का म्हणावं?

४

शनिवारी तो अकराला पोचला. रोहिणी कामावर होती. भागीबाईनं दार उघडलं आणि ती थेट स्वयंपाकघरात भाजी निवडायला बसली.

"खोलीत बसा की तुम्ही पण," गोरक्ष म्हणाला.

"मी बसते आजीजवळ. पण बाजूला. समोर बसत नाय."

"का?"

भागीबाईनं मेथीची जुडी सोडली. "बसवत नाय," एवढंच म्हणाली.

स्क्रीन बंद होती. खिडकीचा उजेड काळ्या काचेवर तिरपा पडला होता, आणि त्या उजेडात गोरक्षला काचेच्या मधोमध डाग दिसला. गोल, तेलकट, कडेला पुसट. त्यानं वाकून पाहिलं. डागात बारीक बारीक रेघा होत्या, एकमेकींना लागून.

"हे काय आहे?" त्यानं हाक मारून विचारलं.

भागीबाई दारापर्यंत आली. "रोज पुसते मी. रोज येतो."

"रोहिणीताईंना सांगितलं का नाही?"

"त्यांना वाटंल, मीच डोकं टेकते."

डोकं. गोरक्षनं तो शब्द ऐकला आणि सोडून दिला. फडक्यानं डाग पुसला. फडक्याला खोबरेल तेलाचा जुनाट वास आला. भागीबाईच्या डोक्यावर पदर होता, कुसाबाईंचं डोकं उशीवर होतं, आणि त्यावर तेल लावण्याएवढे केसही नव्हते.

त्यानं ड्रायव्हर मुळापासून काढला, नव्यानं टाकला, वायर बदलली, कॉम्प्युटरला दुसऱ्या प्लगवर घेतलं. मग तपासणीचं पान उघडलं. या पानावर जिथं स्पर्श होईल तिथं गोल उमटतो आणि कडेच्या यादीत त्या स्पर्शाची रुंदी आणि उंची मिलिमीटरमध्ये येते. त्यानं बोट लावलं. नऊ बाय आठ. बरोबर.

तो स्टुलावर मागे सरून बसला आणि वाट बघू लागला. कुसाबाई पलंगावर होत्या, स्क्रीन त्यांच्यासमोर, आणि तो बाजूला. खाली गिरणी चालू होती. कुणीतरी दळण लवकर मागत होतं, त्याचा आवाज येत होता.

गोल उमटला. आधी लहान, मग पसरत गेला. कुणी सावकाश भार टाकावा तसा. पानाच्या मधोमध येऊन तो थांबला.

शहाण्णव बाय एकशे अठरा.

माशी नाही, बोट नाही, ऊन नाही. मग एवढं मोठं काय असतं? गोरक्षचं डोकं अजून हिशोबी चालत होतं. गोल विरून गेल्यावर त्यानं उठून स्वतःचा पंजा काचेवर ठेवला. अठ्ठ्याऐंशी बाय एकशे एक्क्याऐंशी. फार लांबट. मूठ टेकवली, ती फार लहान. कोपर त्याहून लहान. कपाळ टेकवून पाहिलं, तर नाक आधी लागलं आणि यादीत दोन वेगळे स्पर्श आले.

आता एकच राहिलं होतं. करू नये असं वाटत होतं, पण न करता घरी गेलो तर आठवडाभर झोप लागणार नाही, हेही त्याला ठाऊक होतं.

"मावशी, जरा माझी गंमत बघा हं," तो म्हणाला, आणि पलंगाच्या कडेवर, कुसाबाई आणि स्क्रीन यांच्या मधल्या त्या दीड फुटात अंग चोरून बसला. पाठ स्क्रीनकडे केली. मग हळूच मान मागे टाकून डोक्याची मागची बाजू काचेला टेकवली.

काच गार असायला हवी होती. ती कोमट होती.

कुसाबाईंचा चेहरा त्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता. त्यांनी डोळे घट्ट मिटले होते. पापण्या थरथरत होत्या. मग त्यांनी ते किलकिले केले, त्याला पाहिलं, आणि त्यांच्या सगळ्या चेहऱ्यावरून एक सुटकेची लाट गेली. रोजच्या जागेवर आज दुसराच कुणी बसलाय, हे कळल्यासारखी.

गोरक्ष झटकन उठला. यादीतली शेवटची ओळ वाचली.

एकशे एक बाय एकशे बावीस.

त्याला गावाकडचं घर आठवलं. ओट्यावरच्या भिंतीला आजोबा वर्षानुवर्षं टेकून बसायचे. तिथं चुन्यावर त्यांच्या डोक्याचा तेलकट गोल डाग पडला होता, केसांच्या रेघांसकट. काचेवरचा डाग तसाच होता. काचेला कुणी तोंड लावत नव्हतं. काचेला कुणीतरी पाठीमागून डोकं टेकत होतं. आणि ज्याचं डोकं काचेला टेकलंय, त्याचं तोंड कुणीकडे असतं, हे तर तो आत्ताच बसून पाहून आला होता.

५

भागीबाईला त्यानं सांगितलं, "स्क्रीन खराब आहे, दुकानात नेतो." मग तो दांड्याचे स्क्रू काढू लागला. कुसाबाई त्याच्याकडे बघत होत्या. त्यांचा डावा हात हवेत उचलला जाऊन खालच्या डाव्या कोपऱ्याची जागा शोधत होता, पण तिथं आता काहीच नव्हतं.

दुकानात मॉनिटर चार दिवस टेबलावर चालू राहिला. तपासणीचं पान उघडं. समोरून गिऱ्हाइकं येत-जात होती, उन्हाचा कवडसा काचेवर यायचा आणि जायचा. चार दिवसांत एकही स्पर्श उमटला नाही. यादी कोरी. काच गार. डाग नाही.

पहिल्या दिवशी गोरक्षला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशीही. बुधवारी दुपारी तो डबा उघडून बसला असताना रोहिणीचा मेसेज आला. "स्क्रीनची घाई नाही. ती नेल्यापासून आई अगदी शांत आहे. नको-नको थांबलंय. भागीबाई म्हणते, दिवसभर समोर बघत बसते नुसती."

त्यानं मेसेज दोनदा वाचला. 

स्क्रीन चांगली होती. मग बिघाड स्क्रीनमध्ये नव्हताच. त्या मंगळवारी सकाळी त्यानं दांडा ओढून काच कुसाबाईंच्या समोर आणली, तेव्हा तिथं आधीपासून कुणीतरी बसलेलं होतं. काच त्याच्या पाठीमागे येऊन टेकली, एवढंच. मशीननं फक्त ते आहे असं सांगितलं. जुलैपासून, पाच महिने, रोज, वीतभर अंतरावरून ते त्या बाईच्या तोंडात तोंड घालून बसलं असेल. आणि तिला कुणाला सांगता येत नव्हतं. एका मंगळवारी तिला एक शब्द मिळाला होता. तो शब्दच गोरक्ष दांड्यासकट उचलून घेऊन आला होता.

तो मनाशी म्हणाला, हे सगळं तुझ्या डोक्यातलं आहे, गोरक्ष. आणि डबा तसाच झाकून, मॉनिटर गोधडीत गुंडाळून स्कूटरवर बांधायला लागला.

६

साडेतीनला तो पोचला. वाटेतून त्यानं रोहिणीला फोन केला होता, त्यामुळं तीही लवकर सुटून आली होती. दोघांनी मिळून स्क्रीन जागेवर लावली. भागीबाई दारात उभी राहिली, आत आली नाही.

"ताई, मी सांगतो ते ऐका. मला वेड लागलंय असं वाटलं तर तसं म्हणा." गोरक्षनं सगळं सांगितलं. पाचवी फुली, डाग, आकडे, दुकानातले चार दिवस. "मावशी स्क्रीनला नको म्हणत नाहीयेत. त्यांच्यासमोर जे बसतंय, त्याला म्हणतायत."

रोहिणीनं त्याला वेडा म्हटलं नाही. तिनं आईकडे पाहिलं. मग पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून तिनं हळू आवाजात विचारलं, "आई, तिथं कुणी आहे?"

कुसाबाईंचा हात उचलला गेला. खालचा उजवा कोपरा.

"हो," खोली रोहिणीच्या आवाजात म्हणाली.

"आत्ता आहे?"

"हो."

"कोण आहे?"

यासाठी चित्र नव्हतं. कुसाबाईंचा हात काचेवरून मागे आला आणि मध्येच, हवेत, स्वतःच्या नाकापासून वीतभर अंतरावर थांबला. त्यांनी तो पुढं रेटला. तो पुढं गेला नाही. गोरक्षनं स्वच्छ पाहिलं. दुपारचा लख्ख उजेड होता. कुसाबाईंचा तळवा सपाट झाला, बोटांची टोकं मागे वाकली आणि नखं पांढरी पडली. कुणाच्यातरी गालाला हात लावून त्याला दूर ढकलावं, तसा तो म्हातारा हात तिथं जोर लावत होता आणि पुढं काहीच नव्हतं.

मशीन बोललं, "रोहिणी, इकडे ये."

कुणीही काचेला हात लावला नव्हता.

भागीबाईच्या तोंडून बारीक आवाज निघाला. गोरक्ष होता तिथंच उभा राहिला. हलली ती रोहिणी. तिनं चपला काढल्या, पलंगाला वळसा घातला आणि आईच्या समोर, त्या दीड फुटात, जाऊन बसली. पाठ काचेकडे केली. कुसाबाईंचा हात अजून हवेत होता. तो रोहिणीच्या गालावर येऊन पडला. तिनं तो दोन्ही हातांत धरला आणि पुढं वाकून कपाळाला कपाळ लावलं.

"आता कुणी बसणार नाही इथं," ती म्हणाली. "मी बसेन. रोज बसेन."

कुसाबाईंनी हात सोडवून घेतला. तो रोहिणीच्या कानाजवळून चाचपडत काचेपर्यंत गेला.

"नको."

"हो गं आई, गेलं ते. आता मी आहे ना."

"नको. नको. नको."

रोहिणी रडत होती आणि आईचं बारीक केसांचं डोकं कुरवाळत होती. गोरक्षलाही रडू आलं. त्याला वाटलं, बाई अजून घाबरलेली आहे, भीती जायला वेळ लागेल. खरंच त्याला तसंच वाटलं. नंतर कितीतरी दिवस तो स्वतःला विचारत राहिला, की तेव्हा तरी तुला नीट ऐकू कसं आलं नाही.

७

रोहिणीनं शब्द पाळला. बिनपगारी रजा घेतली आणि दिवसभर आईच्या समोर, त्याच जागी, बसू लागली. तिथंच ती भाजी चिरायची, आईला भरवायची, खानावळीतल्या जुन्या गोष्टी सांगायची. मशीनला स्पर्श होईनासा झाला, असं ती फोनवर सांगायची. फक्त कुसाबाई दिवसभर नको म्हणायच्या. पुढं पुढं रोहिणीनं आवाज बारीक करून ठेवला. सतरा दिवसांनी, संक्रांतीच्या आधी, सकाळी दहाच्या सुमारास कुसाबाई गेल्या. रोहिणीच्या कपाळाला कपाळ लावून.

तेराव्याला गोरक्ष गेला. पलंग काढून टाकला होता. हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या होत्या, सातपूरहून तिच्या कारखान्यातली माणसं आली होती. भागीबाई पानं वाढत होती. गोरक्षला पाहून तिनं मान खाली घातली.

रोहिणी खिडकीजवळ बसली होती. आलेल्यांशी बोलत होती, पण चेहरा किंचित बाजूला वळवून, मान जराशी मागे ओढून. गर्दीत फार जवळ उभ्या राहिलेल्या माणसाच्या खांद्यावरून पलीकडच्याशी बोलावं तशी. गोरक्ष तिच्यासमोर जाऊन बसला, आणि काय झालं ते कळायच्या आतच थोडा मागे सरकला.

"भाऊ, खूप केलंत आईसाठी," ती म्हणाली. तिची नजर त्याच्यापर्यंत पोचली नाही.

"ताई, तुम्ही बऱ्या आहात ना?"

रोहिणीनं ओठ उघडले. काही सांगणार असं वाटलं. मग तिनं ते मिटले, आणि डोळ्यांत पाणी आणून नुसती मान हलवली.

कुणीतरी तिच्या पुढ्यात चहाचा कप ठेवला. तिनं तो उचलला, समोरून तोंडाकडे न नेता बाजूनं लांबचा वळसा घालून कानाजवळून ओठांशी आणला, आणि डोळे घट्ट मिटून एक घोट घेतला.